पोट भरतं, पण भागत नाही

नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३२० कॅलरी असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यातला हा आकडा. याच संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,७१० कॅलरी लागतात. काम जड असेल तर ३,४७०. आता असा मध्यम कष्टाचा गडी नुसत्या नागलीवर राहायचं म्हणाला, तर त्याला रोज ८४० ग्रॅम पीठ संपवावं लागेल. बेताची भाकरी ५५ ग्रॅम पिठाची धरली तर पंधरा भाकऱ्या. त्यांच्याबरोबर नव्वद ग्रॅमहून जास्त तंतू पोटात जाणार. माणसाला रोज तीस-चाळीस ग्रॅम तंतू पुष्कळ होतात. त्यामुळे आठव्या-नवव्या भाकरीलाच हात थांबतो. भूक भागलेली असते, शरीराची गरज भागलेली नसते.

हा हिशेब जव्हार-मोखाड्यात मांडण्याला कारण आहे. सह्याद्रीच्या या उतारांवर खाचरात भात, वरकस जमिनीत नागली आणि वरई, जोडीला उडीद, तूर, खुरासणी अशी पिकं निघतात. पावसाळ्यात रानातून शेवळं, कुरडू, टाकळा, करटोली येतात, ओहोळात खेकडे आणि मासे मिळतात, बाजाराच्या दिवशी सुकट आणली जाते. यातल्या एकाही पदार्थात ग्लूटेन नाही. कारखान्यातून निघालेलं तर काहीच नाही. पुण्या-मुंबईत ‘ग्लूटेनमुक्त’ असा शिक्का मारलेली नाचणीची पाकिटं ज्या भावाने विकली जातात, तो भाव ऐकून खोडाळ्याच्या बाजारातली बाई हसेल. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या सगळ्यांचं जुनं जेवण हेच.

आणि याच तालुक्यांची नावं कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येत राहिली. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून पुन्हा तेच झालं. त्याची कारणं ताटापुरती नाहीत. जमीन थोडी, ती पावसावर. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ‘जगायला’ बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. आई लहान वयात बाळंत होते. दवाखाना लांब असतो. तरी ताटापुरतं बोलायचं झालं तर एवढं कबूल करावं लागतं, की अन्न शुद्ध, साधं, ग्लूटेनविरहित असलं म्हणजे ते पुरेसं असतंच असं नाही. आरोग्याची पुस्तकं ‘काय खाऊ नये’ याची यादी हौसेने देतात. किती खावं आणि ते पोटात मावेल कसं, हा प्रश्न मात्र त्यांना फारसा पडत नाही. ज्यांच्यासाठी ती पुस्तकं, त्यांचं वजन बहुधा आधीच जास्त असतं.

या प्रकरणातला वाचक वेगळा आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी, मैदानात गोळा फेकणारी, जोर-बैठका आणि वजनं मारणारी मुलं-मुली आता या भागातही दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते, काहींच्या वनरक्षकाची किंवा सैन्याची. शिपाईपदाच्या मैदानी परीक्षेत मुलग्यांना १,६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं आणि ७.२६ किलोचा गोळा फेकायचा असतो. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. धावण्याची या पट्ट्याला भीती नाही. मोखाड्याला लागून असलेल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच नागलीच्या मुलखात वाढली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. पंचावन्न किलोच्या मुलाला अडवतो तो गोळा. त्याला खांदा, पाठ, मांडी लागते, म्हणजेच स्नायू लागतो. स्नायू घडवायला शरीराला रोजच्या खर्चावर तीन-चारशे कॅलरी शिल्लक दिसाव्या लागतात. शिल्लक नसेल तर व्यायाम होतो, घाम येतो, पण अंगाला काही लागत नाही.

आता ग्लूटेनचं. गहू, सातू म्हणजे बार्ली, आणि आपल्याकडे न पिकणारं राय, या तीन धान्यांतली ती प्रथिनं. पोळी तुटेपर्यंत ताणली जाते ती त्यांच्यामुळे, आणि नागलीची भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते, तीही त्यांच्या अभावी. काही माणसांच्या शरीराला हे ग्लूटेन चालत नाही. त्यांची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हा सीलियॅक आजार. त्याचं मूळ गव्हात आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, हॉलंडात पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना सीलियॅकने आजारी असलेली मुलं मात्र सुधारत होती, आणि युद्ध संपून पाव परतला तशी त्यांची तब्येत पुन्हा बिघडली. डिकेने यावरचा प्रबंध १९५० साली सादर केला.

भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेकडे शंभर प्रौढांमागे एकाहून थोड्या जास्त जणांना हा आजार आढळला, दक्षिणेकडे हजारात एकाला. म्हणजे तो आपल्याकडे आहे, पण ‘गव्हाने पोट फुगतं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो नाही. दोन वेळा पोटभर जेवूनही वजन वाढत नसेल, जुलाब सुरू असतील, रक्त वाढत नसेल, तर टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घ्यावी. आणि ती गहू खात असतानाच करावी. आधी गहू सोडून दोन महिन्यांनी तपासणीला गेलात तर रक्तात खूण सापडेलच असं नाही, आणि मग शंकेत राहावं लागतं.

ज्याचं निदान झालं आहे त्याला गव्हाचा कणही चालत नाही. त्याच्यासाठी धोका भाकरीत नसतो, आजूबाजूला असतो. एकाच गिरणीत आधी गहू आणि लगेच नागली दळली तर पिठात गहू आलाच. तेव्हा घरचं जातं असेल तर उत्तम, नाहीतर गिरणीवाल्याला सांगून तांदळाच्या दळणानंतर आपलं दळण टाकावं. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतो, बाजारातल्या हिंगातही पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. ‘नाचणी बिस्किट’ असं नाव असलेल्या पुड्याच्या मागचा बारीक मजकूर वाचला तर पहिलं नाव पुष्कळदा मैद्याचंच निघतं.

पण निदान नसताना, कुठल्या तरी व्हिडिओवरून गहू सोडणाऱ्या भरतीच्या मुलाचं काय होतं ते पाहू. त्याच्या दिवसातला गहू म्हणजे वसतिगृहातली पोळी, स्टँडवरचा वडापाव, चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं. शंभर ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या वर कॅलरी असतात, एका वडापावात तीनशेच्या आसपास. हे अन्न चांगलं असं माझं म्हणणं नाही. पण त्याने ते सोडलं आणि त्याजागी काहीच घातलं नाही, तर दिवसाच्या सहा-सातशे कॅलरी निघून गेल्या. महिन्याभरात दोन-तीन किलो उतरतात. पोट हलकं वाटतं, आरशात चेहरा रेखीव दिसतो, आणि गोळा मात्र मागच्या महिन्यापेक्षा अलीकडे पडू लागतो.

गहू सोडायचा असेल तर जागा कशाने भरायची हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथे अन्नाची घनता आडवी येते. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० कॅलरी असतात, तेवढ्याच वजनाच्या नागलीच्या भाकरीत दोनशेच्या आतबाहेर, पातळ पेजेत पन्नासही नसतात, पालेभाजीत तीस-चाळीस. धान्य शिजताना पाणी पितं आणि ताट मोठं दिसतं. जठराला कॅलरी मोजता येत नाहीत. ते किती फुगलं एवढंच त्याला कळतं.

लहान मुलाच्या बाबतीत ही अडचण सगळ्यात आधी दिसते, कारण त्याचं जठर वाटीएवढंच असतं. पेज पातळ केली तर तिच्यात पीठ थोडं, दाट केली तर मूल गिळत नाही. यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात काम केलं. धान्याला मोड आले की दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. अशा मोडाच्या पिठाचं चमचाभर दाट पेजेत टाकलं तर पेज बघता बघता सैल होते, आणि मग तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. आपल्या घरांतलं नाचणीचं सत्त्व याच तत्त्वावर चालतं: नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. भाजायची असेल तर अगदी हलकी. करपेपर्यंत भाजलेल्या दाण्यातलं विकर मरतं आणि सगळा खटाटोप फुकट जातो. मोड आणल्याने दुसराही एक फायदा होतो. नागलीतलं लोह आणि कॅल्शियम धरून ठेवणारी फायटेटं कमी होतात. आंबवलेल्या आंबिलीतही तसंच घडतं. नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, ते हाडांपर्यंत पोचायला हवं असेल तर आजीची ही रीत मोडू नये.

जी युक्ती सहा महिन्यांच्या बाळाला, तीच व्यायाम करणाऱ्या मुलाला. सत्त्वाची दाट पेज, तिच्यात गूळ आणि दाण्याचा कूट, हे धावून आल्यावर घोटाघोटाने सहज जातं. त्याच वेळी तीन भाकऱ्या खा म्हटलं तर जाणार नाहीत.

मात्र घनतेचा खरा राजा तेल. शंभर ग्रॅम तेलात ९०० कॅलरी, म्हणजे पिठाच्या जवळजवळ तिप्पट. जव्हारच्या पारंपरिक जेवणात ते नेहमीच हात राखून पडलं. पाण्यात उकडलेली भाजी, वर मीठ-मिरची, किंवा नुसतं डाळीचं पाणी, असं जेवण पुष्कळ घरांत आजही असतं. दूध-तूपही इथे कधी फारसं नव्हतं. गाईचं दूध वासराचं, असा रिवाज. मग स्निग्धांश यायचा कुठून? खुरासणीतून आणि मोहाच्या बियांतून, म्हणजे मोहट्यांतून. खुरासणीचे काळे बारीक दाणे शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी देतात, वर प्रथिनंही देतात. भाजून मिरची-मिठाबरोबर कुटलेली खुरासणीची चटणी हे या मुलखातलं सगळ्यात दाट अन्न. आणि हीच खुरासणी शेतकरी व्यापाऱ्याला विकून टाकतो, कारण रोख पैसा तिच्यातून मिळतो. भारतातून परदेशी जाणारी पुष्कळशी खुरासणी अमेरिकेत आणि युरोपात अंगणातल्या पक्ष्यांना घालतात. तिथले फिंच ती आवडीने खातात. इथल्या पोराने मात्र ती विकून पामतेलाची पिशवी आणायची. बायफसारख्या संस्थेने जव्हार भागात भात, नागली, वरईचे स्थानिक वाण जपण्याचं काम केलं आहे. खुरासणीही निदान ताटापुरती राखली जावी, असं मला ठामपणे वाटतं.

सरकारलाही घनतेची ही गोष्ट उशिरा का होईना कळली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत एका वेळचं चौरस जेवण ठरवलं गेलं. त्यात भाकरी-भात, डाळ आणि पालेभाजी तर आहेच, पण अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू आणि मोजून तेलही आहे. लाडू आणि तेल ही चैन नाही. भाकरी-भाताने जे भरत नाही, ते त्यांनी भरायचं असतं.

प्रथिनांचा हिशेबही इथेच उरकू. बसून राहणाऱ्याला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं. वजनं उचलणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅम लागतं, त्याच्यापुढे फारसा फायदा दिसत नाही. साठ किलोच्या मुलाला शंभर ग्रॅमच्या आत. नागलीत शंभराला सातच ग्रॅम प्रथिनं, तांदळात आठच्या आत. शिवाय धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते उडदात, तुरीत भरपूर असतं. जवळा-सुकट ही तर गरिबाची प्रथिन पावडर: वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनंच. दुकानातल्या चकचकीत डब्यावर पैसे घालण्याआधी हा वासाचा पदार्थ आठवावा. सुकटीत मीठ असतं, तेव्हा धुऊन घ्यावी.

आता साठ किलोच्या मुलाचं एक दिवसाचं खाणं मांडून बघू. पाव किलो नागलीचं पीठ, म्हणजे साडेचार भाकऱ्या, आणि पाव किलो तांदूळ. एवढ्यातून १,७०० कॅलरी आणि ३८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पुष्कळ घरांत जेवण इथेच संपतं. आता त्यात शंभर ग्रॅम डाळ, साठ ग्रॅम शेंगदाणे, ३५ ग्रॅम तेल आणि वीस ग्रॅम सुकट घाला. हे सगळं मिळून सव्वादोनशे ग्रॅमसुद्धा नाही, पण त्याने हजार कॅलरींची भर पडते. तेवढ्यासाठी नागलीच खायची तर आणखी सहा भाकऱ्या लागल्या असत्या. वर दोन अंडी आणि दोन केळी. एकूण तीन हजारांच्या थोडं पुढे, आणि प्रथिनं शंभर ग्रॅमच्या आसपास. गव्हाचा दाणा नाही, पाकीट नाही. तेल कुणाच्या व्याख्येत ‘अखंड अन्न’, म्हणजे प्रक्रिया न केलेलं अन्न, म्हणून बसत नसेल तर त्याने ते खुरासणीच्या आणि दाण्यांच्या रूपात खावं. व्याख्या सांभाळताना वजन घालवू नये.

हे दोन वेळच्या जेवणात मावत नाही. पहाटे मैदानावर जाण्याआधी केळं आणि गूळ, आल्यावर सत्त्वाची पेज आणि अंडी, दुपारी पूर्ण जेवण, संध्याकाळी मूठभर दाणे आणि शिळी भाकरी, रात्री पुन्हा जेवण, असं पाच वेळांत ते बसतं. दाणे भाजून खिशात ठेवले तर कुठेही खाता येतात. तंतूंनी पोट फार लवकर भरत असेल तर भाकरी एक कमी करून भात वाढवावा. भात लवकर पचतो आणि त्यात तंतू थोडे. वरईही चालेल. उपवासाची म्हणून तिला बाजूला ठेवायचं कारण नाही. शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या जवळ कॅलरी आणि नागलीपेक्षा जास्त प्रथिनं असलेलं ते धान्य आहे.

ऋतूचाही विचार हवा. आवणीच्या दिवसांत, जुलैच्या चिखलात, दिवसभर वाकून काम करणाऱ्या मुलाने संध्याकाळी पुन्हा वजनं मारली तर त्याची गरज साडेतीन हजारांवर जाते. नेमकं याच महिन्यांत कणगी रिकामी होत आलेली असते. तेव्हा त्या दोन महिन्यांत व्यायाम निम्मा करणं यात हार नाही. शेतातलं काम हाही व्यायामच आहे. वजन चढवण्याचे महिने दिवाळीनंतरचे, नवं धान्य घरात आल्यावरचे.

मुलींना हे जास्त काटेकोरपणे पाळावं लागेल. घरात त्या शेवटी जेवतात, हंडे आणि मोळ्या त्याच वाहतात आणि पहाटे मैदानावरही येतात. खर्च वाढला आणि जेवण तेच राहिलं की शरीर पहिली काटछाट पाळीवर करतं. व्यायाम सुरू केल्यावर तीन महिने पाळी आली नाही, तर ते कणखरपणाचं लक्षण समजू नये. अन्न कमी पडतं आहे, आणि हाडं ठिसूळ व्हायला सुरुवात झालेली असू शकते, डॉक्टरांना दाखवावं. मुलगा असो की मुलगी, जोरात तयारी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. सिकलसेल या भागातल्या आदिवासी समाजांत आढळतो, आणि ज्याच्या रक्तात तो आहे त्याने उन्हात, तहानलेल्या अंगाने जीव तोडून धावणं जिवावर बेतू शकतं.

बाकी मोजमापाला एक वजनकाटा पुरतो. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि वहीत लिहा. आठवड्याला पाव किलो वाढत असेल तर जेवण बरोबर चाललं आहे. तीन आठवडे काटा हललाच नाही, तर भाकऱ्या वाढवू नका. रोजच्या जेवणात दोन मोठे चमचे तेल आणि मूठभर शेंगदाणे वाढवा. त्या चारशे कॅलरी होतात.